आधीं वाचा, मग मांडा

परीक्षेचे दिवस जवळ आले कीं वर्गांत व घरोघरीं गणिताच्या सराव-प्रश्नपत्रिका सोडविण्याची एकच धांदल उडते. कोणीं किती पत्रिका सोडविल्या व किती वेळांत, याचीच जिकडे तिकडे चर्चा. ही मेहनत स्तुत्य आहे, यांत संशय नाहीं. तथापि पुष्कळ वर्षें आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत आलों आहों, त्यावरून आमचें असें ठाम मत झालें आहे कीं, गणित न आल्यामुळें जितके गुण जातात, त्याहून प्रश्न नीट न वाचल्यामुळें जाणारे गुण कमी नसतात. सांख्यिकीच्या प्रकरणांत तर हें पदोपदीं दिसून येतें.

प्रथम नांवांचाच घोटाळा घ्या. 'मध्य' म्हणजे सर्व संख्यांची बेरीज करून, संख्या जितक्या असतील तितक्यांनीं भागिलें असतां येणारी सरासरी. 'मध्यक' म्हणजे त्या संख्या चढत्या क्रमानें मांडल्यावर बरोबर मधोमध येणारी संख्या. शब्दांत फरक एका 'क'चा, पण अर्थ अगदीं निराळे. ७, ३, ९, ४, १७ या संख्यांचा मध्यक काढा, असा प्रश्न आम्हीं एकदां सराव परीक्षेंत घातला होता. एका हुशार मुलानें ४० ला ५ नीं भागून ८ लिहिले. दुसऱ्यानें संख्या क्रमानें न लावतां मधली म्हणून ९ उचलली. खरें उत्तर ७. पहिला मुलगा कष्टी होऊन म्हणाला, "सर, माझी बेरीज बरोबर, भागाकारही बरोबर, मग गुण कां नाहींत?" आम्हीं म्हटलें, "बाळ, तुझें उत्तर बरोबर आहे. पण तो प्रश्न आम्हीं विचारलाच नव्हता."

दुसरें उदाहरण. एका तुकडींत २० मुलें असून त्यांची सरासरी ६० गुण. दुसरींत ३० मुलें व सरासरी ७० गुण. तर दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी किती? ६० व ७० दिसतांच हात ६५ लिहून मोकळा होतो. मुलांची संख्या दिली आहे ती कशासाठीं, हा विचारच मनांत येत नाहीं. एकूण गुण १२०० व २१०० मिळून ३३००, मुलें ५०. म्हणून सरासरी ६६.

कोणी म्हणेल, एकदोन गुणांसाठीं एवढें लिहावयाचें काय कारण? कारण असें कीं, ही संवय शाळेच्या दाराशीं थांबत नाहीं. एका वस्तींतील पांच कुटुंबांची मासिक मिळकत ८, ९, १०, ११ व ११२ हजार रुपये आहे, असें समजा. त्यांचा मध्य ३० हजार येतो, मध्यक १० हजार. "येथील सरासरी मिळकत ३० हजार आहे, येथें मदतीची गरज नाहीं," असें कोणीं म्हटलें, तर हिशेब खोटा नाहीं. पण चार कुटुंबें त्या एका आंकड्याआड दिसेनाशीं झालीं! आज मध्य आणि मध्यक यांतील भेद न वाचणारा विद्यार्थी उद्यां मत देतांना किंवा पंचायतींत बसून ठराव करितांना तो कसा वाचील?

या दोषांत आम्हां शिक्षकांचाही वांटा आहे, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करितों. फळ्यावर 'मध्यक' असा मथळा लिहून आम्ही एकाच जातीचीं दहा उदाहरणें घालतों. मथळाच उत्तराची वाट दाखवितो. मग मुलानें प्रश्न वाचावा कशाला? सरावांत निरनिराळ्या जातींचीं उदाहरणें मथळ्याशिवाय मिसळून दिलीं पाहिजेत.

विद्यार्थ्यांनो, प्रश्न दोनदां वाचा. काय दिलें आहे व काय विचारलें आहे, हें ओळखून विचारलेल्या शब्दाखालीं रेघ ओढा. मध्यक काढण्यापूर्वीं संख्या क्रमानें लावा. त्या मोजून सम भरल्या तर मधल्या दोहोंची सरासरी घ्या. उत्तर आल्यावर तें पुन्हां प्रश्नाशेजारीं ठेवून पाहा. इतका वेळ कोठून आणावा, असें म्हणूं नका. वाचण्यांत अर्धें मिनिट जातें, पण न विचारलेलें उदाहरण सोडविण्यांत पांच मिनिटें व्यर्थ जातात.

आणि पालकांस आमची एवढीच विनंती कीं, "आज किती पत्रिका सोडविल्यास?" असें न विचारतां, "या प्रश्नांत काय विचारलें आहे, तें तुझ्या शब्दांत मला सांग," असें म्हणावें. त्यासाठीं आईबापांस गणित येण्याची गरज नाहीं. घटकाभर शेजारीं बसून ऐकलें, तरी पुरे आहे.