मोटारशर्यतींतील इंधनसाठा व अग्निसुरक्षेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धारवाड जिल्हा
मा. पोलीस आयुक्त, हुबळी-धारवाड

विषय : मोटार व मोटारसायकल शर्यतींना परवानगी देताना इंधनासाठी स्वतंत्र अटी घालण्याबाबत.

शर्यतीतील आगीचा धोका ट्रॅकपुरता नसतो. गाडी धावताना टाकी निदान बंद असते. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त होतात त्या जागेत, कॅन उघडले जातात, नरसाळ्याने पेट्रोल ओतले जाते आणि हातभर अंतरावर तापलेला सायलेन्सर असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. हुबळी-धारवाडात कायमचा शर्यतमार्ग नाही. येथे स्पर्धा भरली तर ती मोकळ्या मैदानावर, कापडी मांडवांच्या आधाराने भरणार, आणि पेट्रोल कुठे ठेवायचे हे प्रत्येक संघ आपापल्या सोयीने ठरवणार.

याबाबत कायदा नाही असे नाही. 23 अंश सेल्सिअसखालीच पेट घेण्याजोगी वाफ सोडणाऱ्या पेट्रोलियमचा समावेश 1934 च्या पेट्रोलियम अधिनियमाने ‘अ’ वर्गात केला आहे. विक्रीसाठी नसलेले असे पेट्रोलियम एका व्यक्तीला 30 लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते धातूच्या पात्रात असेल तर एका पात्रात 25 लिटरपेक्षा जास्त नको, आणि पात्राचे झाकण घट्ट हवे. अडचण या मर्यादेच्या मोजणीत आहे. वीस संघांनी प्रत्येकी 30 लिटर आणले तर एकाच मांडवाखाली 600 लिटर पेट्रोल जमते आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे कोणीच चुकलेले नसते. म्हणून साठ्याची मर्यादा संघागणिक न धरता संपूर्ण स्पर्धास्थळासाठी ठरवावी, ही या निवेदनातील मुख्य मागणी आहे. हा साठा मांडव, जनित्र आणि प्रेक्षक यांपासून दूर, एकाच कुंपणबंद जागी, आयोजकाने नेमलेल्या जबाबदार माणसाच्या ताब्यात असावा. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या कॅनमधून पेट्रोल आणण्याची सवय प्रवेशद्वारावरच मोडावी.

इंधन भरताना इंजिन बंद असावे, चालक गाडीवर नसावा आणि अग्निशामक घेतलेला माणूस शेजारी उभा असावा. 1994 मध्ये हॉकेनहाइमच्या फॉर्म्युला वन शर्यतीत इंधननळीची झडप बंद न झाल्याने योस व्हर्स्टॅपेनच्या गाडीवर पेट्रोल उडाले आणि क्षणात भडका झाला. प्रशिक्षित चमू आणि अग्निरोधक कपडे असल्याने जीवितहानी टळली. फॉर्म्युला वनने 2010 पासून शर्यतीच्या मध्येच इंधन भरणे बंद केले. त्यामागे खर्चाचा विचार मोठा होता, हे खरे. पण धोका त्यानेही घटला.

पंपावरील पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. अल्कोहोल साधा अग्निशामक फेस मोडून टाकते, म्हणून बंदोबस्ताच्या अग्निशमन वाहनात अल्कोहोलरोधक फेस असावा. मिथेनॉलला तर परवानगीच नसावी. त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. 1981 मध्ये इंडियानापोलिस येथे रिक मिअर्स पिटमध्ये अशाच ज्वाळांनी भाजला होता.

इंधनात काय मिसळले आहे हेही तपासले गेले पाहिजे. 2021 च्या हंगेरियन ग्रां प्रीमध्ये दुसऱ्या आलेल्या सेबास्टियन व्हेटेलच्या गाडीतून नियमाप्रमाणे एक लिटर नमुना निघाला नाही, म्हणून त्याला बाद ठरवण्यात आले. एवढा काटेकोरपणा येथे अपेक्षित नाही. प्रत्येक गाडीचा सीलबंद नमुना राखला तरी पुरे. ही तपासणी कोणी करायची हे ठरलेले असावे, यासाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना नसलेल्या शर्यतीला परवानगी देऊ नये.

कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याकडून मेकॅनिक येण्याची शक्यता लक्षात घेऊन इंधनसाठ्यावरील सूचनाफलक कन्नडबरोबर मराठीतही असावेत. स्पर्धेची तारीख अग्निशमन केंद्राला आणि हुबळीच्या किम्स रुग्णालयाला आगाऊ कळवावी, आणि इंधनसाठ्याची पाहणी होऊन सही झाल्याशिवाय पहिली गाडी सुरू करू देऊ नये.

निवेदक,
मोटारक्रीडाप्रेमी नागरिक, हुबळी-धारवाड