परदेशी विद्यापीठ खाडीपलीकडे आले, पण आपल्यासाठी दार कोणते?

१४ जून २०२५ रोजी मुंबईत झालेल्या कार्यक्रमात पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. ब्रिटनमधील यॉर्क आणि ॲबर्डीन, ऑस्ट्रेलियातील युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीतील डिझाईन शिकवणारी आयईडी ही ती पाच नावे. नवी मुंबई विमानतळाजवळ सिडकोच्या पुढाकाराने ‘एज्युसिटी’ उभी राहणार असून आता जागतिक शिक्षण घराजवळ मिळेल, अशी जाहिरात सुरू आहे.

वरळीहून शिवडीपर्यंत उन्नत मार्गाचे काम चालू आहे. शिवडीहून अटल सेतूने नवी मुंबई गाठता येते. म्हणजे उद्या वरळी कोळीवाड्यातून किंवा बीडीडी चाळीतून निघालेली गाडी थोड्याच वेळात या विद्यापीठांच्या दारात उभी राहील. गाडी पोहोचेल, पण चाळीतली मुलगी आत जाईल का? आंबेडकरी तरुणांनी हा प्रश्न आजच विचारायला हवा. इमारती उभ्या राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

दोन नियमांच्या मधली फट

परदेशी विद्यापीठांच्या शाखांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये नियमावली काढली. तिच्यानुसार प्रवेशाची पद्धत आणि शुल्क ही विद्यापीठेच ठरवतील. शुल्क वाजवी आणि पारदर्शक असावे एवढीच अपेक्षा आहे. आरक्षणाचे बंधन नाही. गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याची मुभा आहे, सक्ती नाही.

दुसरीकडे केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्या जागा ७५ आहेत. पण दोन्ही योजना परदेशात जाऊन शिकणाऱ्यांसाठी आहेत.

आता हे दोन नियम शेजारी ठेवून पाहा. विद्यापीठ परदेशी म्हणून आरक्षण नाही. वर्ग भारतात भरतो म्हणून परदेश शिष्यवृत्ती नाही. पदवी तीच, नाव तेच, पण आपला विद्यार्थी दोन्हीकडून बाहेर. ही फट कोणी मुद्दाम ठेवली असे म्हणण्याची गरज नाही. पण ती बुजवण्याची घाई कोणाला दिसत नाही, हे खरे आहे.

सक्ती केली तर परदेशी विद्यापीठे येणारच नाहीत, असे यावर सांगितले जाते. पण इंग्लंडमध्येच वरच्या मर्यादेपर्यंत शुल्क घेऊ इच्छिणाऱ्या विद्यापीठाला वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची योजना तिथल्या नियामकाकडून मंजूर करून घ्यावी लागते. जी अट ते आपल्या देशात पाळतात, ती इथे पाळायला काय हरकत आहे?

विषयावरच कुंपण

परदेशात जाणाऱ्यांची वाटही सोपी राहिलेली नाही. २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल केला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले. या विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच आहेत, मग त्यासाठी परदेश कशाला, असा सरकारचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद बाबासाहेबांना लावून पाहा. परळच्या चाळीतला हा तरुण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. ९ मे १९१६ रोजी त्याने मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. आजच्या नियमात तो विषय बसला नसता. ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या वाटचालीवरचा त्यांचा प्रबंधही कदाचित ‘इतिहास’ म्हणून अडला असता.

जातीचा अभ्यास न्यूयॉर्कमध्ये करण्याचा फायदा साधनांपुरता नव्हता. तिथे प्रश्न विचारणाऱ्याला जात विचारून गप्प बसवणारे कोणी नव्हते. जगातल्या इतर विषमतांशी जातीची तुलना करता येत होती. आंतरराष्ट्रीय अभ्यास म्हणतात तो हाच.

त्यात पैशाचीही खोट आहे. २०२५-२६ साठी निवड झालेल्या १०६ उमेदवारांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना तात्पुरती पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र देऊ, असे कळवण्यात आले. परदेशी विद्यापीठ प्रवेशासाठी थांबत नाही. ज्याच्या बापाकडे पैसा आहे, त्याचे पत्र उशिरा आले तरी चालते. आपल्या मुलाचे वर्ष जाते.

जिनिव्हात ठरते, कोळीवाड्यात भोगावे लागते

काही तरुण म्हणतील, आधी नोकरी देणारी पदवी घेऊ, जागतिक अभ्यास वगैरे श्रीमंतांचे चोचले. पण कोळीवाड्याकडे पाहा. सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधले अंतर सुमारे ६० मीटर ठेवले होते. बोटी ये-जा करू शकणार नाहीत म्हणून मच्छीमारांनी १६० मीटरची मागणी केली. मोठ्या आंदोलनानंतर २०२२ च्या अखेरीस १२० मीटर मान्य झाले. अंतर वाढले ते लोक रस्त्यावर आणि पाण्यात उतरले म्हणून.

त्याच वर्षी जून महिन्यात जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला. छोट्या मच्छीमारांसाठी भारताने २५ वर्षांच्या सवलतीची मागणी लावून धरली होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्येच लहान मच्छीमारांच्या हक्कांची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. महापालिकेसमोर बसताना हा कागद हातात असला तर मागणीचे वजन वाढते. पण तो वाचणारे, समजावून सांगणारे, जिनिव्हात बोलणारे आपल्या वस्त्यांतून किती निघतात?

जातीचेही तसेच आहे. २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न मांडायला भारत सरकारचा विरोध होता, तरी दलित संघटनांनी तो तिथे नेला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभाव आपल्या कक्षेत येतो, असे स्पष्ट केले. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये, सिॲटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदाला नियमाने मनाई केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसे विधेयक नाकारलेही. लढाई चालू आहे आणि ती अभ्यासाने लढावी लागते. बाबासाहेबांनी १९४६ मध्येच ड्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या, त्या याच दृष्टीने.

काय मागायचे, काय करायचे

सरकारकडे आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. सिडको ही सरकारी कंपनी आहे. तिच्या पुढाकाराने वसणाऱ्या शिक्षणनगरीत वंचित विद्यार्थ्यांसाठी जागा आणि शुल्कमाफी करारातच लिहून घ्यावी. भारतातील परदेशी शाखांसाठी वेगळी शिष्यवृत्ती असावी, पण त्यासाठी परदेशातल्या जागा कापू नयेत. २०२२ ची विषयबंदी उठवावी. निवड यादीसोबतच निधीची हमी द्यावी.

जी दारे आज उघडी आहेत, ती आपणही वापरायला हवीत. मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग कलिन्यात आहे. १९७१ पासूनचे आफ्रिका अभ्यास केंद्रही तिथेच. दिल्लीत जेएनयूची आंतरराष्ट्रीय अभ्यास शाळा आहे. तिथे आरक्षण लागू आहे आणि शुल्क आवाक्यात आहे. ही सार्वजनिक विद्यापीठे कमकुवत झाली तर आपल्याला दुसरा पर्याय नाही, म्हणून त्यांच्या रिक्त प्राध्यापकपदांचा प्रश्नही आपलाच आहे.

वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या विहारांत वर्षातले काही रविवार या कामाला दिले तरी पुष्कळ होईल. बारावीपासूनच जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट तयार ठेवणे. अर्जासोबतचा हेतू-निबंध इंग्रजीत लिहायला शिकवणे. परदेशात शिकलेल्या आपल्या मुलामुलींना बोलावून अनुभव ऐकणे. याला मोठा निधी लागत नाही, चिकाटी लागते.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि दहा वर्षांनी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ते जगाशी बोलले. त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. जगाशी बोलायचे तर आधी वर्गात जागा लागते. ती जागा मागायची वेळ आता आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.