माशाच्या बियाण्याचेही घराणे विचारा



कपाशीच्या बियाण्याची पिशवी आपण दहादा उलटून पाहतो. ज्वारीचे बी ठेवताना कणीस, दाणा, कडबा सारे पारखतो. शेततळ्यात मासे सोडताना मात्र बोटुकली मोजून घेतली की झाले! कोरडवाहू भागातले तळे उन्हाळ्यात तळ गाठते. पाणी आहे तोवर मासा वजनाला आला नाही, तर खाद्याचा खर्चही अंगावर पडतो.

मासा किती वाढेल हे पाणी आणि खाद्यावर ठरते, तसे त्याच्या घराण्यावरही ठरते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने 1992 मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या साथीने गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज, गोमती अशा नद्यांतला रोहू जमवून निवड सुरू केली. 1997 मध्ये 'जयंती रोहू' आला. दर पिढीला वाढ सरासरी 17 टक्क्यांनी सुधारली. यात बाहेरचे जनुक घातलेले नाही. वाडवडील कणसे निवडत तीच रीत, फक्त प्रत्येक घराण्याची नोंद ठेवून.

पण नुसत्या वजनामागे धावण्यातही धोका आहे. ब्रॉयलर कोंबडी झटपट वाढते, पण अनेकदा तिचे पाय तिलाच पेलत नाहीत. नॉर्वेत 1970 च्या दशकात सामन माशाची निवड वाढीसाठी सुरू झाली. पुढे रोगाशी झुंजण्याची ताकदही तपासू लागले. आयपीएन या विषाणूरोगाला तोंड देणारा वंशगुण 2008 च्या सुमारास हाती लागला. तशा वाणाची अंडी वापरात आल्यावर त्या रोगाचा उपद्रव पुष्कळ घटला. जयंती रोहूतही पुढे एरोमोनास या जिवाणूरोगाविरुद्ध निवड झाली. निरोगी मासा जगतो, खाल्लेले अंगी लावतो. माशाचे सुख आणि आपला हिशेब इथे एकच आहेत.

उलट, बीजकेंद्रात वर्षानुवर्षे त्याच मोजक्या नर-माद्या वापरल्या की भावंडांचाच संकर होतो. वाढ खुंटते, व्यंगे दिसतात, मर वाढते. गाईला तिच्याच नात्यातला वळू आपण दाखवत नाही. मग माशाला वेगळा न्याय का?

म्हणून आमचे सांगणे आहे : बोटुकली घेताना तीन प्रश्न विचारा. नर-मादी कुठून आणली? किती वर्षे तीच आहे? रोहू शुद्ध आहे की कटल्याशी मिसळलेला? सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक बीजकेंद्राने ही उत्तरे फळ्यावर लिहावीत.

दाम आपण मोजतो. मालाचे घराणे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.