दुखणें नसतांना दवाखान्यांत

आमच्याकडे दवाखान्याची पायरी चढण्याचा एक ठरलेला शिरस्ता आहे. अंगांत ताप भरला, हात मोडला किंवा पोट दुखूं लागलें, म्हणजेच डॉक्टरांची आठवण होते. आणि दोन दिवसांत उतार पडला कीं त्यांचा विसर पडतो. घरांत कोणास कांहीं झालेलें नसतां, निरोगी मनुष्यानें वेळ ठरवून डॉक्टरांकडे जावें, त्यांच्यासमोर एकांतांत बसावें आणि आपलें खाणें, पिणें, झोप, श्रम, व्यसन व चिंता यांचा सरळ हिशेब द्यावा, असें कोणी सुचविलें तर पुष्कळांस तो रिकामटेकडेपणा वाटतो. पेरणीपूर्वीं शेतकरी बैलांचे खूर पाहतो व गाडीच्या आंसास वंगण देतो. परंतु स्वतःच्या देहाकडे मात्र तो कोसळल्यावांचून पाहत नाहीं. ही चाल आपण सोडावी, असें आमचें मत आहे. आणि तें कां, हें विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही मांडावें म्हणून हा लेख.

आधीं आमचीच कबुली देतों. आमचे वडील वयाच्या ५८ व्या वर्षीं अर्धांगवायूच्या झटक्यानें गेले. आयुष्यांत त्यांनीं एकदांही रक्तदाब मोजवून घेतला नव्हता. "मला काय झालें आहे?" हें त्यांचें उत्तर ठरलेलें असे. उच्च रक्तदाब हें अर्धांगवायूचें एक प्रमुख कारण असून तो बहुधा कोणतेंही लक्षण न दाखवितां वर्षानुवर्षें अंगांत राहतो, हें आम्ही वर्गांत मुलांस शिकवीत होतों. तथापि चव्वेचाळिसावें वर्ष लागेपर्यंत आम्हीं स्वतः कधीं डॉक्टरांची वेळ मागितली नाहीं. शेवटीं गेल्या दिवाळीच्या सुटींत गेलों. पत्नी बरोबर होती. "दिवसांतून चहा किती वेळां?" असें डॉक्टरबाईंनीं विचारतांच आम्हीं "दोन-तीन वेळां" म्हणून उत्तर दिलें. तेव्हां त्यांनीं पत्नीस थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती केली आणि म्हटलें, "गुरुजी, सकाळीं उठल्यापासून एक एक पेला मोजीत चला." मोजतां मोजतां घरचे दोन, शिक्षकांच्या खोलींतले तीन, बाजारांतला एक व संध्याकाळच्या बैठकींतला एक, असे सात पेले निघाले! प्रत्येकांत दोन चमचे साखर. सपाट चमचाभर साखर सुमारें ४ ग्रॅम भरते. म्हणजे एकट्या चहांतूनच रोज ५६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं दिलेल्या सल्ल्याप्रमाणें, २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्या प्रौढ मनुष्यानें वरून घातलेली साखर ५० ग्रॅमांच्या आंत ठेवावी, आणि २५ ग्रॅमांच्या आंत ठेवल्यास अधिक बरें.

आम्ही जाणून खोटें बोललों नव्हतों. आम्हीं कधीं मोजलेंच नव्हतें. परंतु हेंही खरें कीं, पत्नीच्या देखत तो सातचा आंकडा आमच्या तोंडून निघाला नसता. पुढें रक्तदाब १५०/९६ भरला. एका मोजणीवरून निर्णय करावयाचा नसतो, असें सांगून डॉक्टरबाईंनीं आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरीं मोजून लिहावयास लावलें. आणि त्या वहीनेंही तोच निकाल दिला. आतां रोज एक गोळी आहे, चहा तीन पेल्यांवर आला आहे, आणि लोणच्याची बरणी व पापडांचा डबा ताटापासून दूर गेले आहेत. कारण दिवसभरांत मीठ ५ ग्रॅमांहून कमी असावें असा नियम आहे, व आमच्या ताटांत तें किती होतें हें मोजण्याचेंही आम्हांस धैर्य झालें नाहीं. वडिलांस हेच प्रश्न कोणी वेळीं विचारले असते तर, हा विचार त्या दिवशीं घरीं परततांना मनांतून जाईना.

आतां कोणी म्हणेल कीं, तपासणी तर हल्लीं सर्वच करतात. निरोगी माणसांची ठराविक मुदतीनें तपासणी व्हावी, ही कल्पना खरोखरच जुनी आहे. लंडनचे डॉक्टर होरेस डोबेल यांनीं १८६१ सालीं ती आपल्या व्याख्यानांतून मांडली, आणि १९२२ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशननें तिला पाठिंबा दिला. परंतु अलीकडे तिचें रूप पालटलें आहे. एका दरांत अनेक तपासण्यांच्या जाहिराती जागोजागीं झळकतात. मनुष्य रक्त देतो, कागदांचें भेंडोळें घेऊन घरीं येतो, व डॉक्टरांशीं त्याचें चार शब्दही बोलणें होत नाहीं. याचा उपयोग किती? वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनें २०१९ सालीं पंधरा चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांत अडीच लाखांवर प्रौढ माणसें होतीं. अशा सर्वसाधारण तपासण्यांमुळें मृत्यूंचें प्रमाण घटल्याचें त्यांत दिसून आलें नाहीं. ही गोष्ट आमच्या मतास बाध आणणारी आहे असें कोणास वाटेल. म्हणूनच ती आम्ही लपवीत नाहीं. तिच्यापासून आम्ही बोध घेतों तो असा कीं, तपासण्यांची संख्या वाढविल्यानें आरोग्य वाढत नाहीं. लक्षण नसतांही शोधून काढण्यांत लाभ आहे असे विकार मोजके आहेत. मात्र ते आपल्या देशांत फार पसरलेले आहेत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत दहा कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे, आणि प्रौढांपैकीं शेंकडा ३५ जणांस उच्च रक्तदाब आहे. याच कारणास्तव राष्ट्रीय कार्यक्रमांत ३० वर्षांवरील स्त्रीपुरुषांचा रक्तदाब, साखर व तोंडांतील कर्करोग, आणि स्त्रियांच्या बाबतींत स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग, यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य ठेवली आहे. एवढी तपासणी पुरे. उरलेलें काम यंत्राचें नव्हे, संभाषणाचें आहे.

संभाषणाचें सामर्थ्य काय असतें, हें आपल्या महाराष्ट्रानेंच जगास दाखविलें आहे. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनीं जामखेड येथें कार्य आरंभिलें. त्यांनीं खेड्यांतील सामान्य स्त्रियांस, ज्यांपैकीं कित्येकींस अक्षरओळखही नव्हती, आरोग्यसेविकेचें शिक्षण दिलें. या स्त्रिया घरोघर जाऊन आहार, स्वच्छता, बाळंतपण व मुलांची निगा यांविषयीं बोलत. त्या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. दारांत बसून आपुलकीनें विचारलेल्या प्रश्नानें तेथें जें साधलें, तें नुसत्या औषधाच्या बाटलीनें साधलें नसतें.

आतां आमच्या म्हणण्यांतील ज्या भागास पालकांचा विरोध होईल, त्याकडे वळतों. तो भाग म्हणजे एकांत. गेल्या वर्षीं आमच्या शाळेनें एका डॉक्टरबाईंस बोलावून आठवी व नववीच्या प्रत्येक मुलीस ग्रंथालयामागील खोलींत दहा मिनिटें त्यांच्याशीं एकटीनें बोलण्याची सोय केली. कांहीं पालकांस हें रुचलें नाहीं. "आमच्या मुलीस आमच्यापासून लपविण्यासारखें काय आहे?" असें आम्हांस विचारण्यांत आलें. कांहीं दिवसांनीं, एका मुलीनें परवानगी दिली म्हणून, तिचें नांव न सांगतां, डॉक्टरबाईंनीं एक गोष्ट शाळेस कळविली. त्या मुलीस वारंवार लघवीला जळजळ होई. आईनें तिला दोनदां दवाखान्यांत नेलें. दोन्ही वेळां सर्व प्रश्नांचीं उत्तरें आईनेंच दिलीं. "पाणी पिते का?" "हो, भरपूर पिते." एकांतांत मात्र मुलीनें सांगितलें कीं, शाळेंतील मुलींच्या शौचालयाच्या दाराची कडी तुटलेली आहे, म्हणून ती सकाळीं घरून निघाल्यापासून संध्याकाळीं परत जाईपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाहीं.

आम्ही लज्जित झालों. रोज प्रार्थनेच्या वेळीं त्या मुलींसमोर उभे राहणारे आम्ही शिक्षक, आणि एक कडी तुटल्याचें आम्हांस कोणी सांगूं शकलें नाहीं! कडी दुसऱ्या दिवशीं बसविली. तपासल्यावर आणखी दोन दारांच्या कड्या नादुरुस्त आढळल्या. ती मुलगी कोण, हें आम्हांस आजही ठाऊक नाहीं. आणि तें ठाऊक असण्याची गरजही नाहीं. तिचें नांव बाहेर जाणार नाहीं एवढा विश्वास तिला मिळाला, म्हणूनच ती बोलली, व ती बोलली म्हणून शेंकडों मुलींची सोय झाली. आईच्या मायेंत कांहीं उणें होतें असें नव्हे. परंतु जो प्रश्न मुलीस विचारला त्याचें उत्तर आईनें दिलें, तर तें आईचें उत्तर होतें, मुलीचें नव्हे.

एकांतास मर्यादा आहेत, व त्या मुलांनाही आधींच सांगितल्या पाहिजेत. मुलाच्या जिवास धोका असेल, तर डॉक्टर गप्प राहूं शकत नाहींत; कोणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार करीत असेल, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणें तें कळविणें त्यांस बंधनकारक आहे. तसेंच शरीर तपासावयाचें असतां मुलीजवळ आई किंवा दुसरी विश्वासाची स्त्री असावी. एकांत हवा तो बोलण्यापुरता. अशा बोलण्यासाठीं आतां सरकारी सोयही आहे. २०१४ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठीं सल्ला केंद्रें आहेत. महाराष्ट्रांत त्यांस 'मैत्री' क्लिनिक म्हणतात.

पालकांस आमची विनंती आहे कीं, वर्षांतून एकदां, दुखण्याची वाट न पाहतां, आपल्या ओळखीच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी. प्रथम स्वतः जावें, कारण मुलें ऐकण्यापेक्षां पाहून अधिक शिकतात. जाण्यापूर्वीं सात दिवस एका कागदावर खरें टांचण करावें: काय खाल्लें, किती चहा घेतला, किती चाललों, केव्हां निजलों, तंबाखू किंवा मिश्री किती वेळां तोंडांत गेली. मग मुलास घेऊन जावें. आरंभीं त्याच्याजवळ बसावें, आणि नंतर दहा मिनिटें आनंदानें बाहेरच्या बांकावर येऊन बसावें. तो परत आला म्हणजे "काय विचारलें?" असें विचारूं नये. त्यास सांगावेसें वाटेल तेव्हां तो सांगेल.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे: डॉक्टरांसमोर परीक्षेस बसल्याप्रमाणें बरोबर उत्तर शोधूं नका. तेथें गुण मिळत नाहींत व कोणी नापासही होत नाहीं. रात्रीं एक वाजेपर्यंत मोबाईल पाहत असाल तर एक वाजतो असेंच सांगा. डबा परत नेत असाल तर तेंही सांगा. तुमचे गुरुजी चव्वेचाळिसाव्या वर्षीं चहाचे पेले मोजावयास शिकले. तुम्ही चौदाव्या वर्षीं शिकलांत, तर तुमच्या घरच्या कोणासही आमच्याप्रमाणें "वेळीं विचारलें असतें तर" असें म्हणत बसण्याची पाळी कदाचित् येणार नाहीं.