निर्भेळ मनाचा आनंद

काशीला माणूस जातो तो बहुधा पापक्षालनासाठी. पहाटे गंगेत बुडी मारायची, विश्वनाथाचे दर्शन घ्यायचे आणि हलक्या मनाने घरी परतायचे. पण अंगावरचे पाणी वाळते आणि मनातला राग, हेवा, भय पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतात. याच काशीत होऊन गेलेल्या संत रविदासांची एक कथा लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. मन स्वच्छ असेल, तर चांभाराच्या काथवटीतही गंगा येते, असे तिचे सार आहे.

येशू ख्रिस्ताने डोंगरावर दिलेल्या प्रवचनातही हाच विषय आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू ज्यांना धन्य म्हणतो, त्यांत अंतःकरणाने शुद्ध असलेली माणसे आहेत. त्यांना देवाचे दर्शन घडेल, असे आश्वासन तो देतो. इथे ‘शुद्ध’ या अर्थाचा जो मूळ ग्रीक शब्द आहे, तो धुतलेल्या वस्त्रालाही लावत आणि पाखडून कोंडा काढलेल्या धान्यालाही. मराठीत त्याला ‘निर्भेळ’ हा शब्द चपखल बसतो. मनात एक, ओठांवर दुसरे आणि वागण्यात तिसरेच, अशी भेसळ ज्याच्यात नाही, तो अंतःकरणाने शुद्ध.

असे निर्भेळ राहणे किती महाग पडते, हे काशीतल्याच एका मराठी विद्वानाच्या आयुष्यावरून कळते. त्यांचे नाव नीळकंठशास्त्री गोरे.

नीळकंठशास्त्रींचा जन्म १८२५ साली झाशीजवळच्या काशीपुरा गावी, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. ते वाढले आणि शिकले काशीत. ऐन तारुण्यातच संस्कृत शास्त्रांवर त्यांचे प्रभुत्व होते. त्या काळी विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी काशीत धर्मप्रचार करत. शास्त्रीबुवा त्यांच्याकडे गेले ते त्यांना वादात हरवायला. जॉन म्यूर यांनी ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून शास्त्रीबुवांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचला. पण प्रतिपक्षाचे म्हणणे खोडायचे तर ते नीट वाचायला हवे. वाचता वाचता डोंगरावरच्या त्या प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली.

परीक्षा सुरू झाली ती इथे. जे पटू लागले होते, ते मनातच दडपून ठेवले असते तर काहीच बिघडले नसते. मान, पांडित्य, घरदार, आप्तेष्ट, सगळे जागच्या जागी राहिले असते. शास्त्रीबुवांना ते जमले नाही. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. घरच्यांवर आकाश कोसळले. पुढे पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ आल्या, पण १८५३ मध्ये मुलगी झाल्यावर थोड्याच काळात त्या वारल्या. एलन लक्ष्मी हे त्या मुलीचे नाव. आईविना राहिलेले ते पोर दुसऱ्यांच्या घरी वाढले.

धर्म बदलणे योग्य की अयोग्य, हा इथे प्रश्न नाही. प्रश्न असा, की एवढे गमावून या माणसाला आनंद मिळाला का?

लगेच नाही मिळाला. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर पंडित म्हणून ते इंग्लंडला गेले. तिथे त्यांची भेट झालेल्या मॅक्स म्युलर यांनी त्यांची खिन्नता पुढे नोंदवून ठेवली आहे. पुस्तकात वाचलेला येशूचा उपदेश लंडनच्या रस्त्यांवर, तिथल्या श्रीमंतीत आणि चढाओढीत त्यांना कुठे दिसेना. परत आल्यावर त्यांनी सहा दर्शनांची चिकित्सा करणारा मोठा ग्रंथ हिंदीत लिहिला. १८७० मध्ये ते धर्मगुरू झाले. तरीही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. पण शंका आहेत हे त्यांनी स्वतःपासून आणि जवळच्यांपासून लपवले नाही. बुद्धीला पडलेला प्रश्न दडपायचा नाही आणि प्रश्न पडला म्हणून सेवा सोडायची नाही, असे ते अखेरपर्यंत जगले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विचारांचा खोल परिणाम पंडिता रमाबाईंवर झाला. १८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यामागे गोऱ्यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता. रमाबाईंनी १९०७ साली आपली जी साक्ष लिहिली, तीत एक विलक्षण कबुली आहे. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे त्यांना धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीला पटले होते, पण जिवाला शांती नव्हती. आपण आधी चांगले व्हायचे, मग देवाकडे जायचे, अशी त्यांची समजूत होती. सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की देवाकडे जायचे ते आहोत तसेच जायचे. शुद्ध करण्याचे काम त्याचे. त्या दिवसापासून जो आनंद लाभला, त्याच्या बळावर त्यांनी दुष्काळातल्या शेकडो मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आसरा दिला.

बायबलमधला दावीद राजाही हेच सांगतो. बथशेबेच्या बाबतीत हातून घोर पाप घडल्यावर तो देवापुढे आपल्या पुण्याईचा पाढा वाचत नाही. तो शुद्ध हृदय मागतो. ते आपले आपल्याला घडवता येत नाही, हे त्याला कळून चुकले होते. त्याच्या हाती एवढेच होते, की झाकलेले उघडे करायचे.

आणि काशीत जन्मलेल्या त्या आईवेगळ्या मुलीचे काय झाले? एलन लक्ष्मी इंग्लंडमध्ये शिकली आणि १८८० मध्ये सेवाकार्यासाठी भारतात परतली. प्रभूच्या सान्निध्यात जिवाला मिळणाऱ्या विसाव्यावर तिने लिहिलेले इंग्रजी गीत इंग्लंड-अमेरिकेतल्या चर्चमध्ये गायले जाऊ लागले. १९३७ मध्ये ती वारली. बापाने आयुष्यभर ज्या शांतीचा शोध घेतला, तिचेच गाणे लेकीने लिहिले.

शुद्ध अंतःकरण म्हणजे कधी डाग न पडलेले अंतःकरण, असे समजून माणूस निराश होतो. तसे अंतःकरण कोणाकडे आहे? पण डाग न लपवणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. घरात, कचेरीत, शेजारीपाजारी दिवसभर आपण किती मुखवटे चढवतो! ते सांभाळण्यातच अर्धी शक्ती जाते. रात्री देवापुढे बसताना तरी तो मुखवटा बाजूला ठेवावा. हेवा वाटला असेल तर हेवा म्हणावे, शंका असेल तर शंका म्हणावे. दुधातले पाणी कबूल करणाऱ्याला निदान दूध कशाला म्हणतात ते ठाऊक असते. निर्भेळ होण्याची सुरुवात तिथेच होते, आणि आनंदाचीही.