वसुली आणि नियमन

मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरील टोल हलक्या वाहनांपुरता १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून रद्द झाला, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने त्या एकाच विषयाने भरून गेले. निवडणूक तोंडावर आल्याचा उल्लेख झाला, मक्तेदाराला द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा हिशेब मांडला गेला, आणि दहिसर, वाशी, ऐरोली येथील व मुलुंडच्या दोन्ही नाक्यांवरून मोटारी न थांबता जाऊ लागल्याबद्दल सर्वत्र समाधान व्यक्त झाले. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही, आणि तो विचारण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते आपणच, म्हणजे ह्या मासिकाच्या वाचकवर्गातील वाहतूक अभियंते, नगररचनाकार, परिवहन खात्याचे अधिकारी आणि वाहतूक शाखेत उमेदीची वर्षे घालविलेली मंडळी. टोल उठल्यामुळे शहराच्या रस्त्यांवरील रहदारी वाढली की घटली, कोणत्या प्रहरी, कोणत्या दिशेने आणि किती, हा तो प्रश्न होय.

ह्या मौनाला कारण आहे. तो टोल रहदारीसाठी कधी बसविलेलाच नव्हता. १९९६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबईत ५५ उड्डाणपूल उभारण्याचा जो कार्यक्रम हाती घेतला, त्याचा खर्च वसूल करण्यासाठी २००२ सालापासून हे नाके चालू राहिले, आणि पुढे २०१० साली सोळा वर्षांच्या वसुलीचा मक्ता एकरकमी आगाऊ रकमेवर देण्यात आला. म्हणजे सरकारच्या दप्तरी ह्या टोलाची नोंद कर्जफेड अशीच होती, आणि कर्ज म्हटले की ते फिटले केव्हा, मुद्दल किती, व्याज किती, असे विचारण्याचा अधिकार देणाऱ्याला आपोआप प्राप्त होतो. तो अधिकार नागरिकांनी बजावला, आंदोलने केली, आणि अखेर माफी मिळविली. ह्यात त्यांचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. मुंबईला टोलाचे वावडे तसे जुनेच आहे. माहीम व वांद्रे ह्यांना जोडणारा बांध १८४० च्या दशकात बांधला गेला, तेव्हा त्याचा खर्च उचलणाऱ्या लेडी जमशेटजी ह्यांनी त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घेऊ नये, अशी अटच घातली होती.

परंतु कर्जफेडीच्या दृष्टीने आखलेल्या आकारणीचा एक अंगभूत दोष असा की, तिला घड्याळ कळत नाही. अखेरच्या काळात मोटारीस ४५ रुपये पडत. सकाळी नऊ वाजता ४५ आणि रात्री तीन वाजताही ४५. फास्टॅग सार्वत्रिक होण्यापूर्वी ज्यांनी मुलुंडच्या नाक्यावर सकाळच्या वेळी उभे राहून गणना केली असेल, त्यांना खिडकीतून बाहेर आलेला हात, पन्नासाची नोट, पाचाच्या सुट्यांसाठी चाललेली शोधाशोध आणि मागे ठाण्याच्या दिशेने लांबत गेलेली रांग, हे दृश्य परिचित असेल. कोंडीतून वाट काढून देण्यासाठी बांधलेल्या पुलांचा खर्च भागविण्याकरिता शहराच्या वेशीवर नवी कोंडी उभी करावी लागत होती. शिवाय ज्याचे घर ठाण्यास आणि मुलांची शाळा मुलुंडला, तो गृहस्थ रोज पैसे मोजीत होता, आणि मलबार हिलवरून नरिमन पॉइंटला, म्हणजे शहराच्या दाटीच्या भागातून, एकटाच मोटारीत बसून जाणारा मनुष्य एक पैही देत नव्हता. वेशीवर बसविलेल्या नाक्यांची ही रचना जकातीच्या काळापासून आपल्या अंगवळणी पडली होती. जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर गेली, पण वेस ओलांडणाऱ्याकडून घ्यावयाचे, ही बुद्धी गेली नाही.

आता ह्या विपरीततेचे अधिक ठळक उदाहरण समुद्रावर उभे आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला, जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू मोटारीकडून एका फेरीस २५० रुपये घेतो, आणि त्यावरील वर्दळ उद्घाटनापूर्वी वर्तविलेल्या अंदाजापेक्षा पुष्कळच कमी राहिली आहे. वाशीचा खाडीपूल मात्र, जेथे गर्दीच्या वेळी वाहन पुढे सरकत नाही, मोटारींना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विनामूल्य झाला. ज्या रस्त्यावर जागा आहे तो महाग आणि ज्यावर नाही तो फुकट, अशी किंमतपत्रिका कोणी मुद्दाम लिहावयाची म्हटली तरी सुचणार नाही. ती कोणी लिहिलीही नाही. एका प्रकल्पाच्या कर्जाचे कोष्टक एका कचेरीत ठरले, दुसऱ्याची माफी दुसऱ्या प्रसंगी ठरली, आणि दोहोंच्या मधून रोज जाणाऱ्या माणसाने कोणती वाट धरावी, ह्याचा विचार कोणत्याच टिपणीत आला नाही.

सिंगापूरचा दाखला आपल्या क्षेत्रात इतक्या वेळा दिला जातो की तो ऐकताच पुष्कळ वाचक पान उलटतात. तरीही त्यातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. जून १९७५ मध्ये तेथे गर्दीच्या भागात प्रवेश करू इच्छिणाऱ्या मोटारींना कागदी परवाना काचेवर लावण्याची सक्ती झाली, आणि १९९८ मध्ये त्याची जागा कमानींवरील विद्युत्-यंत्रणेने घेतली, एवढे सर्वांस ठाऊक असते. त्या यंत्रणेचे दर अर्ध्या अर्ध्या तासाने बदलत आणि ठरावीक मुदतीने, साधारणतः दर तीन महिन्यांनी, त्यांची फेरतपासणी होई; ह्या फेरतपासणीचा निकष तिजोरीत किती रक्कम आली हा नसून वाहने कोणत्या वेगाने चालली हा होता. शहरातील प्रमुख रस्त्यांवर ताशी २० ते ३० किलोमीटर आणि द्रुतगती मार्गांवर ४५ ते ६५ किलोमीटर ही मर्यादा मानलेली. वेग तिच्या खाली गेला तर दर वाढावयाचा आणि वर गेला तर उतरावयाचा. उत्पन्न घटेल हे माहीत असून एखाद्या कमानीवरचा आकार कमी करणारे खाते आपल्याकडील कोणत्याही अधिकाऱ्यास चमत्कारिक वाटेल. परंतु नियमन ज्याला म्हणावयाचे ते हेच.

लंडनची कथा इतकी सरळ नाही, आणि म्हणूनच ती अधिक उपयोगी आहे. १७ फेब्रुवारी २००३ रोजी मध्यवर्ती भागात पाच पौंडांचे प्रवेशशुल्क सुरू झाले, तेव्हा त्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बसगाड्या रस्त्यावर आणल्या होत्या, आणि शुल्काचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचे कायदेशीर बंधन होते. आरंभी विलंब सुमारे तीस टक्क्यांनी घटला. पुढील काही वर्षांत रस्त्यांची खोदकामे वाढली, पादचाऱ्यांना व बसगाड्यांना अधिक जागा दिली गेली, आणि मोटारींचा वेग पुन्हा मंदावला. ह्यावरून शुल्क निरुपयोगी ठरले असे म्हणणारे आहेत. मोकळी झालेली जागा मोटारींस परत न देता इतरांना दिली, एवढाच त्याचा अर्थ आम्ही करतो, आणि तो निर्णय आम्हांस योग्य वाटतो.

टोलाविषयी जे म्हटले तेच थोड्या फरकाने दंडाविषयी म्हणता येईल. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंडाच्या रकमा वाढल्या. महाराष्ट्राने काही काळ थांबून डिसेंबर २०२१ मध्ये त्या लागू केल्या. कॅमेरे आले, ई-चलान आले, आणि चौकात शिटी वाजवून वाहन बाजूला घेणारा शिपाई हळूहळू छायाचित्र टिपणारा शिपाई बनला. दंडाचा धाक रकमेच्या आकाराने निर्माण होत नाही, शिक्षा खात्रीने आणि लवकर होईल ह्या जाणिवेने होतो, हे दंडशास्त्राचे जुने तत्त्व आहे. आपण नेमके उलट केले. रक्कम मोठी केली, आणि ती भरली न गेल्यास पुढे काय, हे संदिग्ध ठेवले. चलान साचत जाते, मग तगादा येतो, मग लोक अदालतीची तारीख लागते आणि तेथे तडजोडीने थोडीबहुत सूट मिळते. असे दोन-तीनदा झाले की सुजाण माणूस पहिल्या दिवशी दंड भरणे सोडून देतो आणि सुटीची वाट पाहतो. ज्याने प्रामाणिकपणे ताबडतोब पैसे भरले तोच मूर्ख ठरावा, अशी ही व्यवस्था आहे.

मशीद बंदर किंवा भुलेश्वर येथे सकाळी माल उतरविणारा टेम्पो पाहावा. गाळ्यापुढे गाडी लावण्यास जागा नाही, मालासाठी राखलेली पट्टी नाही, हमाल हातगाडी घेऊन पलीकडे उभे आहेत, आणि अवजड वाहनांच्या प्रवेशबंदीची वेळ सुरू व्हावयास थोडाच अवकाश आहे. टेम्पोवाला दुसऱ्या रांगेत गाडी उभी करतो, कारण त्याला दुसरे काही करणे शक्यच नसते. छायाचित्र निघते, चलान मालकाच्या मोबाइलवर जाते, आणि मालक ती रक्कम भाड्यात धरतो. थोडक्यात, ज्याला आपण दंड म्हणतो तो त्या बाजारपेठेत जागेचे भाडे म्हणून स्थिरावला आहे, फक्त त्याची पावती गुन्ह्याच्या नावाने फाटते. गाडी तेथेच राहते. तिच्यामागची बस तिष्ठत राहते. टॅक्सीचा मामला तर याहून विचित्र, कारण पाळीने गाडी चालविणाऱ्याने केलेली कसूर क्रमांकपट्टीवरून मालकाच्या नावे चढते, आणि ज्याच्या हातात चाक होते त्याला ती कधी कळतही नाही. जुलै २०२५ च्या आरंभी राज्यातील वाहतूकदार संघटनांनी ई-चलानाविरुद्ध संप पुकारला, तेव्हा त्यांच्या सर्व मागण्या न्याय्य होत्या असे नव्हे. पण पोलिसांनी खासगी मोबाइलवर छायाचित्रे टिपू नयेत असे वरिष्ठांना परिपत्रकाने बजावावे लागले, ह्यावरून तक्रारीत तथ्य किती होते हे दिसते.

ह्या बाबतीत नियमांची उणीव आहे असे म्हणता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला असून, प्रत्येक कॅमेऱ्यास मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेऱ्याच्या अलीकडे ठळक सूचनाफलक असावा आणि अपराधाची नोटीस पंधरा दिवसांच्या आत निघावी, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. पंधरा दिवस ही मुदत कायदा करणाऱ्याने विचारपूर्वक घातली आहे. महिन्यांनंतर आलेले चलान ज्याला मिळते त्याला ती जागाही आठवत नाही, मग वर्तनात सुधारणा कसली? परंतु ह्या नियमाचे पालन होते की नाही हे तपासणे म्हणजे वाहतूक पोलिसांचा अधिक्षेप, अशी एक समजूत आपल्या व्यवसायबंधूंत आहे. ती टाकून द्यावी.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि येथे आमचे मत थोडे कडवट आहे. मोटारींना वेशीवरची माफी ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली. ९ मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे सहावरून बारा. २०१९ साली हेच भाडे पाच रुपयांवर आणताना अधिक प्रवासी ओढण्याचा हेतू उघडपणे सांगितला गेला होता. माफी राज्य सरकारची, बेस्ट महानगरपालिकेची, दोघांच्या थैल्या निराळ्या, हे तांत्रिक उत्तर आम्हांस ठाऊक आहे आणि ते खोटेही नाही. तरीपण सात महिन्यांच्या आत मोटारीतल्या माणसाचे ४५ रुपये वाचावेत आणि बसच्या रांगेत उभ्या असलेल्याचे भाडे दुप्पट व्हावे, हे दोन निर्णय एकमेकांशेजारी ठेवून पाहणारी एकही कचेरी ह्या महानगरात नसावी, ही आपल्या क्षेत्राची शोचनीय स्थिती आहे.

तेव्हा मुंबईत गर्दीशुल्क उद्याच लावावे, असे आम्ही म्हणत नाही. ज्या शहरात बससंख्या रोडावत आहे आणि उपनगरी गाडीत सकाळी पाय ठेवण्यास जागा नाही, तेथे आधी शुल्क आणि मागाहून बस हा क्रम लोक मान्य करणार नाहीत, आणि करूही नये. पण प्रकल्प अहवालात टोलाचे प्रकरण केवळ वित्तविषयक परिशिष्टात घालण्याची पद्धत आपण आजच बंद करू शकतो. दर ठरविताना तो कोणत्या रस्त्यावरील वाहने कोणत्या रस्त्यावर ढकलील, हे लिहिल्यावाचून अहवालावर सही न करण्याचा आग्रह धरू शकतो. आणि जेथे चलानांचा ढीग पडतो तो चौक मुळात चुकीचा आखलेला तर नाही ना, हे जाऊन पाहू शकतो.

ह्यासाठी वाचकांना एक विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे १४ ऑक्टोबर २०२४ पूर्वीच्या आणि नंतरच्या वाहनगणना असतील, मग त्या सरकारी कामातील असोत, महाविद्यालयीन प्रकल्पातील असोत किंवा खासगी सल्लागारांच्या, त्यांनी त्या प्रसिद्ध करण्याची परवानगी घेऊन संपादकांकडे पाठवाव्यात. ठिकाण, दिशा, वार, वेळ आणि वाहनाचा प्रकार एवढे स्पष्ट असले तरी पुरे. वाशी, ऐरोली व मुलुंड येथील सकाळी सात ते अकराच्या नोंदी प्रथम हव्या आहेत.