बक्षीसपत्राचे वाचन आणि लोभाचा आरोप

लॉटरी लागल्याच्या खोट्या ई-मेलने कोणी फसला की आपल्याकडे एकच निवाडा ऐकू येतो : हाव सुटली, म्हणून फसला. बातमीचा मथळाही बहुधा 'आमिषाला बळी' असाच असतो. बातमी लिहिणारा, ती वाचणारा आणि फसलेल्याचे शेजारीपाजारी, सर्वांचे यावर एकमत असते. हे एकमत आम्हांला मान्य नाही. ते अन्यायाचे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते भामट्यांच्या सोयीचे आहे.

प्रथम त्या पत्राकडे पत्र म्हणून पाहू. समीक्षकांनी ज्याकडे ढुंकूनही पाहिले नाही अशा या लेखनप्रकाराला स्वतःची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत 'स्पॅनिश कैद्या'ची पत्रे फिरत असत : कोणी धनिक स्पेनच्या तुरुंगात खितपत पडला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडी रक्कम धाडा, पुढे त्याच्या संपत्तीत वाटा मिळेल. विसाव्या शतकाच्या अखेरीस नायजेरियातून येणाऱ्या पत्रांना तेथील फौजदारी संहितेतील कलमावरून '४१९' हे नाव पडले. आपल्या 'चारसोबीस'चा हा शेजारीच म्हणायचा. मग ई-मेल आले, आणि तुरुंगातला धनिक किंवा दिवंगत सेनाधिकाऱ्याची विधवा यांच्या जोडीला लॉटरी आली. कधी ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीचे नाव, कधी मायक्रोसॉफ्टचे वा कोका-कोलाचे, आणि पुढे आपल्याकडे व्हॉट्सॲपवर 'कौन बनेगा करोडपती'चे २५ लाख. नावे सगळी उसनी. त्या संस्थांचा या पत्रांशी काडीचाही संबंध नाही.

मात्र या परंपरेत लॉटरीपत्राने एक महत्त्वाचा बदल केला. कैद्याचे पत्र वाचकाला साहसात भागीदार होण्याचे निमंत्रण देत असे. लॉटरीपत्र निमंत्रण देतच नाही. ते कळवते : सोडत झाली, संगणकाने आपला पत्ता निवडला, रक्कम आपल्या नावे जमा आहे, आता केवळ औपचारिकता उरली. म्हणजे मिळवायचे काही नाही. जे आपलेच आहे ते सोडवून घ्यायचे आहे. लोभाचा सिद्धान्त इथेच लंगडा पडतो.

या पत्रांची शैली पाहा. तीत मोहक असे काही नसते. संदर्भ क्रमांक, तुकडी क्रमांक, गोल शिक्का, न वाचता येणारी सही, 'दावा अधिकारी' असे भारदस्त पद. सोबत नाव, वय, व्यवसाय, बँक खाते असे रकाने असलेला अर्ज. उत्तर दिले की शुल्कांची माळ सुरू होते : कुरियरचा खर्च, विमा, चलन बदलण्याचे शुल्क, कराचा दाखला. प्रत्येक पैशाची पावती मिळते. ही भाषा मोहिनी घालणाऱ्याची नव्हे, कचेरीची आहे. आणि कचेरीच्या भाषेपुढे मान तुकवण्याची सवय आपल्या नागरिकाला जन्माच्या दाखल्यापासून लागलेली असते. स्वतःच्या निवृत्तिवेतनासाठी जो दरवर्षी आपण हयात असल्याचा दाखला निमूटपणे सादर करतो, त्याला स्वतःच्या बक्षिसासाठी प्रक्रिया शुल्क भरणे विपरीत का वाटावे? ज्याला आपण लोभ म्हणून हिणवतो, तो पुष्कळदा निव्वळ आज्ञाधारकपणा असतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे : तिकीट न काढता आलेले पैसे हवेसे वाटणे हाच लोभ नव्हे काय? असेलही. पण कष्टाविना धन मिळावे ही इच्छा गुन्हा असती, तर १९६९ पासून लॉटरीची तिकिटे विकत आलेल्या महाराष्ट्र शासनाला आपण काय म्हणणार? ही इच्छा सर्वांचीच आहे. पत्र नेमके कर्जाच्या, आजारपणाच्या वा मुलीच्या लग्नाच्या दिवसांत येऊन पडते की निवांत दुपारी, एवढाच पुष्कळदा फसलेल्यात आणि न फसलेल्यात फरक असतो. शिक्षणाचे कवचही इथे पुरत नाही. १९९५ ते १९९८ या काळात ब्राझीलमधील एका बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अबुजा येथील अस्तित्वात नसलेल्या विमानतळाच्या प्रकल्पापायी बँकेचे सुमारे २४ कोटी डॉलर भामट्यांच्या हवाली केले. तो काही अडाणी नव्हता.

दुसरी एक गोड समजूत सुशिक्षितांत आढळते : असली पत्रे अशुद्ध लिहिलेली असतात, आम्ही ती क्षणात ओळखतो. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये या अशुद्धतेचा वेगळा अर्थ मांडला. पत्र धाडायला खर्च जवळपास नाही. खर्च आहे तो उत्तर देणाऱ्यांशी पुढे महिनोन्‌महिने बोलत राहण्याचा. म्हणून संशयी माणूस पहिल्याच ओळीत गळून जावा, यातच भामट्याचा फायदा. हे खरे असेल तर पत्राला हसून ते फेकून देणारा चतुर वाचक भामट्याला हरवत नाही. त्याने चाळलेल्या कोंड्यात तो जमा होतो, इतकेच. शिवाय आता यंत्रे निर्दोष मराठीही लिहून देतात. शुद्धलेखनाच्या चुका शोधत बसण्याचे दिवस संपले.

मग ओळखायचे कशावरून? आमच्या मते खूण एकच, आणि ती भाषेत नाही : पैसा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते पाहावे. बक्षीस देणारा पैसे मागत नाही. भारतातल्या खऱ्या लॉटरीत बक्षिसावरचा कर बक्षिसातूनच कापला जातो, विजेत्याला तो आगाऊ कोणाच्या खात्यात भरावा लागत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या बक्षिसावर तर तिथे करच नाही, आणि ती केवळ ई-मेलचा पत्ता आहे म्हणून कोणाला लागत नाही. तिकीट काढावे लागते. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती ठेवत नाही. तेव्हा 'आपली रक्कम रिझर्व्ह बँकेत पडून आहे' हे वाक्य, खाली गव्हर्नरांची सही असली तरी, खोटेच. परकीय चलनविषयक २००० सालच्या नियमांनुसार लॉटरीसाठी परदेशी पैसे पाठवण्यास मुळातच मनाई आहे, आणि २०१० साली रिझर्व्ह बँकेने बँकांना या बनावट बक्षिसांबाबत परिपत्रक काढून सावधही केले होते. पैसे मात्र बहुधा इथल्याच कोणाच्या बचत खात्यात भरायला सांगतात. दावा अधिकारी लंडनचा आणि खाते शेजारच्या जिल्ह्यातले, ही विसंगती पाहायला इंग्रजी यावे लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या पत्रांत एक कलम हमखास असते : दावा पूर्ण होईपर्यंत ही गोष्ट गुप्त ठेवा, नाहीतर दुसराच कोणी बक्षिसावर हक्क सांगेल. एका माणसाला जरी विचारले तरी डाव फसतो, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. फसल्याचे ध्यानात आल्यावर या कलमाची मुदत खरे तर संपायला हवी. पण तिथून पुढे ते कलम आपण चालवतो. 'लोभी' हा शब्द ऐकावा लागेल या भयाने माणूस घरात बोलत नाही, पोलिसांकडे जात नाही. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी आणखी थोडे भरतो. मग 'तुमची बुडालेली रक्कम सोडवून देतो' म्हणणारा दुसरा भामटा येतो, तेव्हाही विचारायला त्याला कोणी नसते.

सायबर फसवणुकीची तक्रार देशभर १९३० या क्रमांकावर करता येते, आणि ती जितकी लवकर होईल तितकी रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता अधिक. तिथे वेळेचा हिशोब तासांत होतो. शरमेने गप्प बसलेल्या माणसाचा हिशोब महिन्यांत. या दोहोंमधल्या अंतरावर भामट्यांचा संसार चालतो, आणि ते अंतर वाढवण्यात आपल्या टोमण्यांचा वाटा मोठा आहे.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. ज्याची फसवणूक झाली त्याच्या चारित्र्याची समीक्षा थांबवावी. करायचीच असेल तर त्या पत्राची करावी. आणि घरातल्या वडीलधाऱ्याने 'मला एक ई-मेल आलंय' असे म्हटले, तर हसण्याआधी ते वाचायला मागावे.